सायडरमध्ये फेस येतो कुठून?

सफरचंदाचा रस आंबवून केलेलं सायडर इंग्लंड-अमेरिकेत अनेक हौशी मंडळी घरीच करतात. आंबताना यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. पण हा वायू बहुतेक उडून जातो. मग फेस आणायचा कसा?

जुनी रीत म्हणजे बाटलीत थोडी साखर घालून घट्ट बूच लावणं. साखर जास्त झाली तर बाटली फुटते, आणि तळाशी गाळ साचतोच. केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या बंद पिंपात, वायू सिलिंडरमधून सोडतात.

यामागचा नियम विल्यम हेन्री या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये मांडला. ठरावीक तापमानाला द्रवात किती वायू विरघळेल, हे त्या वायूच्या दाबावर ठरतं. शिवाय द्रव थंड असेल तर वायू जास्त विरघळतो. लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम वायू हवा असेल, तर ४ अंश सेल्सिअसला दर चौरस इंचाला साधारण १२ पौंड दाब पुरतो. २० अंशांना दुपटीहून जास्त लागतो. म्हणूनच केग फ्रिजमध्ये ठेवतात.

आधी झडप उघडून आतली हवा बाहेर काढायची, कारण ऑक्सिजनने चव बिघडते. मग दाब कायम ठेवून आठवडा-दोन आठवडे थांबायचं. केग हलवला तर काम लवकर उरकतं. दाब तोच ठेवला, तर समतोल साधल्यावर जास्तीचा वायू मुरत नाही.

सिलिंडर मात्र हवेशीर जागीच ठेवावा. गळलेला वायू हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत साचतो आणि जिवावर बेतू शकतो.