सायलेंट व्हॅलीचा लाऊड फंडा

मास्तर, इंजिनीअर आणि कवी एका जंगलासाठी एकत्र आले, त्याची ही गोष्ट.

मुन्नार-अलेप्पीचे फोटो सगळ्यांकडेच असतात. पुढची केरळ ट्रिप जरा हटके करायचीय? मग पालक्काड जिल्ह्यातलं मुक्काली गाठा. तिथून वनखात्याच्या परवानगीनं जीप निघते, सोबत गाइड. सुमारे २३ किलोमीटर खडबडीत रस्ता, दोन्ही बाजूंना घनदाट वर्षावन आणि शेवटी सैरंध्री. हो, द्रौपदीचंच नाव! आणि खालची नदी कुंतीच्या नावाची. इथे रातकिड्यांची किरकिर नाही म्हणून साहेबानं ‘सायलेंट व्हॅली’ म्हटलं, असं सांगतात.

टॉवरवर चढलात की समोर नुसता हिरवा समुद्र. यातला बराच भाग आज धरणाखाली असता.

माकडं की माणसं?

१९७३मध्ये इथल्या जलविद्युत प्रकल्पाला योजना आयोगानं मंजुरी दिली. १२० मेगावॅट वीज मिळणार, बदल्यात सुमारे ८३० हेक्टर जंगल बुडणार. बरं, वीज कुणाला नको असते? मलबारला तर ती हवीच होती. त्यामुळे दुर्मिळ सिंहपुच्छ वानरांसाठी माणसांनी अंधारात बसायचं का, हा सवाल अगदीच फालतू नव्हता.

उत्तर शोधलं केरळ शास्त्र साहित्य परिषदेनं. १९६२पासून मल्याळममधून विज्ञान सांगणारी ही संघटना. शिक्षकांचा मोठा भरणा आणि मुलांसाठी १९७०पासून ‘युरेका’ मासिक. नुसत्या घोषणांनी भागणार नाही, हे या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ, इंजिनीअर आणि अर्थतज्ज्ञ अशी टीम बसली. १९७९मध्ये त्यांचा अहवाल आला: मलबारच्या विकासासाठी हाच प्रकल्प हवा असं नाही, विजेला दुसरे पर्याय आहेत. म्हणजे जंगलाची बाजू मांडली, ती आकडेमोड करून!

मग हा विषय सभांमधून, शाळा-कॉलेजांतून लोकांपर्यंत गेला. सुगतकुमारींसारख्या कवींनी लेखणी उचलली. अखेर १९८३मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला, १९८४मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९८५मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

पिक्चर अभी बाकी है...

पुढे नदीच्याच खालच्या अंगाला, पात्रक्कडवूला, दुसऱ्या प्रकल्पाचा प्रस्ताव आला. पुन्हा विरोध झाला आणि २००७मध्ये केरळ सरकारनं उद्यानाभोवती १४८ चौरस किलोमीटरचा बफर झोन मंजूर केला. एकदा वाचवलेलं जंगल कायमचं वाचत नाही, बॉस. ते दर पिढीला नव्यानं समजावून सांगावं लागतं.

आपल्या शहरातली एखादी टेकडी किंवा खाडी आठवली ना? मग सोमवारी लंच टाइमला फक्त हळहळू नका. टीममध्ये आकडे जमवणारा कोण आणि गोष्ट सांगणारा कोण, तेवढं ठरवून टाका!

जाताय?
जीपची संख्या मर्यादित असते, आधी चौकशी करा. पावसाळ्यात जळवा भेटतील, बूट-मोजे हवेतच. प्लॅस्टिक घरी ठेवा. आणि तिथे आवाज खाली, प्लीज!