लक्ष्मणाला शक्ती लागली तेव्हा मी पत्र्यावर होतो

२९ जुलै २०२५ला 'क्योंकि सास भी कभी बहू थी'तली तुलसी टीव्हीवर परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या पहिल्या फेरीला सेठांनी विचारलं, "काले जोयुं?" मी म्हटलं, जोयुं. संपलं. सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटात मी मेहताजी आहे, म्हणजे वह्या सांभाळतो. पंचवीस वर्षांपूर्वी याच गादीवर याच मालिकेवरून अर्धा अर्धा तास वाद चालायचा आणि टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत उभा राहायचा. आताचा भाग मी फोनवर पाहिला होता, रात्री साडेअकराला, कानात बोंडं खुपसून. लाइट गेली नाही, कुणी दार वाजवलं नाही, पुढे डोकं आलं नाही. जाहिरातसुद्धा पाच सेकंदांत उडवली. काही म्हणता काही चुकलं नाही, आणि सेठांना सांगण्यासारखंही काही सापडेना.

मग उगाच मनाशी मोजायला लागलो, की आजवर कुठली गोष्ट आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत, सलग, कुणी न अडवता पाहिली? लहानपणची तर एकही आठवेना.

आम्ही उधन्याचे. म्हणजे मूळचे अमळनेर तालुक्यातले, पण अण्णा, म्हणजे वडील, मागावर कामाला लागले आणि अर्ध्या खान्देशासारखे आम्हीही भुसावळ-सुरत लाइनीवरून इकडे उतरलो. नऊ खोल्यांची चाळ, एक नळ, आणि १९८७ साली सगळ्यांत मिळून एक टीव्ही, तोही कोपऱ्यातल्या गुजराती काकींचा. २५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झालं आणि दर रविवारी सकाळी काकींच्या दारात चपलांचा ढीग पडायला लागला. टीव्हीला हार, समोर उदबत्ती. पुढे बसायचं तर आठलाच जाऊन जागा धरावी लागे. माझ्यापुढे नेमकी अशी एक बाई बसायची जिचा अंबाडा अयोध्येच्या राजवाड्याएवढा होता. एकदा तर चपलांच्या ढिगात माझी एक सापडलीच नाही, आणि तापलेल्या फरशीवर मी लंगडी घालत घरी आलो.

पण माझा खरा त्रास वेगळाच होता. आठ वर्षांचा, अंगाने हलका, म्हणून अँटेना फिरवायचं काम माझ्याकडे. चित्र हललं की काकी हाक मारायच्या, मी पत्र्यावर. खालून कोरस : "आव्युं! गयुं! थोडंसं डावीकडे रे! आव्युं!" आलं म्हटल्यावर हात सोडला की जायचं, म्हणून मी दांडा धरून तसाच उभा. खालून शंखाचे, बाणांचे आवाज यायचे. लक्ष्मणाला शक्ती लागली तेव्हा मी पत्र्यावर होतो. खाली रडारड ऐकू आली, तीवरून कळलं. घरी आल्यावर आईने तो सगळा भाग भाकरी थापता थापता सांगितला, अहिराणीत. तिच्या सांगण्यात हनुमान डोंगर घेऊन येताना वाटेत तापी ओलांडत होता. पुढे कितीतरी वर्षं मला वाटायचं की ते टीव्हीतच दाखवलं होतं.

त्या मालिकेचं चित्रीकरण सुरत-मुंबई लाइनीवर चाले, वलसाड जिल्ह्यातल्या उमरगावला, वृंदावन स्टुडिओत. लोक सुटीच्या दिवशी पॅसेंजरने बघायला जायचे. माझे काका गेले. आले ते गप्प गप्प. खूप खोदून विचारल्यावर म्हणाले, वानरसेनेतला एक जण झाडाखाली शेपूट काखेत मारून विडी ओढत होता. आईने त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. विडीबद्दल नव्हे, ते त्यांनी चाळीत सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून.

मालिका ३१ जुलै १९८८ला संपली. लवकुशाची कथा गाळली म्हणून जालंधरच्या सफाई कामगारांनी तेव्हा संप केला होता. वाल्मीकींना आपले मानणारी ती माणसं. गोष्ट पुरी सांगा, मगच झाडू उचलू. रसिकतेचा याहून मोठा पुरावा माझ्या ऐकण्यात नाही. आजकाल शेवट आवडला नाही की लोक फोनवर शिव्या लिहितात, एवढंच.

कचऱ्यावरून आठवलं. सप्टेंबर १९९४. त्या साली 'चंद्रकांता' सुरू होती, रविवारी सकाळी. देवकीनंदन खत्रींची कादंबरी शंभर वर्षं जुनी, पण आम्हाला काय, आम्ही क्रूरसिंगाच्या भुवया आणि त्याचं ते "यक्कू" यांवर फिदा. मी पंधराचा. तोवर घरात स्वतःचा टीव्ही आला होता, अँटेना धाकट्या भावाकडे सोपवली होती, आता कुठे गोष्ट नीट दिसायला लागली होती. आणि गणपती विसर्जनानंतर तीन-चार दिवसांत बातमी आली, सुरतेत प्लेग. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं स्टेशनाकडे. काही दिवसांत काही लाख लोकांनी शहर सोडलं, त्यांत आम्ही. उधन्याहून गाडीत शिरलो ते खिडकीतून. बारडोली, व्यारा, नवापूर. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. गाडी तिथे थांबली तेव्हा आईने हात जोडले, कुठल्या राज्याला ते कळलं नाही.

गावातल्या काकांनी घरात घेतलं नाही. त्यांचं चूक नव्हतं, पण आईच्या मनातून ते अजून गेलेलं नाही. खळ्यावर एक पत्र्याची शेड होती, तिथे आमची सोय. जेवण लांबून यायचं, कळण्याची भाकरी, ठेचा, पितळी डब्यात. आठ दिवस असे. मग गावातल्या डॉक्टरने बघितलं, घरात घेतलं. गावात टीव्ही दोनच होते, आणि लाइट रविवारी सकाळी हमखास जायची. पण चुलतभावंडांना कळलं होतं की सुरतेचा पोरगा 'चंद्रकांता' पाहतो. त्या शेडीतल्या दिवसांत संध्याकाळी ती सहा-सात जणं खळ्याच्या बांधावर, तीस पावलं दूर, कारण जवळ यायचं नाही असं बजावलेलं. मी शेडीतून ओरडून गोष्ट सांगायचो.

पाहिलेले भाग चार दिवसांत संपले. पाचव्या दिवशी थांबलो तर सगळ्यांत धाकटा, सहा-सात वर्षांचा, बांधावरून ओरडला, "मंग काय व्हयनं?" आता काय सांगणार? सांगत सुटलो. विजयगडाच्या तळघरात एक आरसा आहे, त्या आरशात एक माणूस राहतो, तो बाहेर येऊ शकत नाही पण ज्याचा चेहरा पाहील त्याचा आवाज काढू शकतो. क्रूरसिंगाला त्याने राजाचा आवाज काढून फसवलं. एकदा त्या पोराने विचारलं की आरशात त्याला जेवायला कोण देतं. मी म्हटलं, त्याच्यापुढे ताट धरलं की आरशात ताट दिसतं, तेच तो जेवतो. यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. माझ्या आयुष्यातली ही एकमेव चांगली कल्पना, आणि ती तीस पावलांवरून ओरडून सांगितलेली.

सुरतेला परत आलो तो खऱ्या मालिकेत भलतंच चाललेलं. आरसा कुठेच नाही. मला मनापासून राग आला, जणू त्यांनी माझ्या गोष्टीत ढवळाढवळ केली होती. शहर मात्र पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आल्यावर असं घासून पुसून निघालं, की बाहेरगावचे पाहुणे रस्ते बघून तोंडात बोट घालायचे.

आमच्या अण्णांचं गोष्टींचं खातं वेगळंच. त्यांचा देव संजीव कुमार. तो सुरतेत जन्मलेला, हरिहर जरीवाला. आडनावातच सुरतेचा धंदा. "ठाकूर सुरती आहे," हे वाक्य अण्णा मागाच्या खडखडाटातही ऐकू जाईल असं म्हणायचे. त्यांचं आणखी एक म्हणणं होतं : 'शोले'त ठाकूरने गब्बरला खरं तर मारलंच होतं, खिळ्यांच्या बुटांनी; सरकारने कापलं. आम्ही पोरं हसायचो. पोलीस येतात, ठाकूर थांबतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. मोठा झाल्यावर कळलं की म्हातारा बरोबर होता. आणीबाणीत सेन्सॉरने शेवट बदलायला लावला होता. २०२५ साली इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात तो सिनेमा मूळ शेवटासह दाखवला, ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "मी पंच्याऐंशी सालीच सांगितलं होतं," आणि कूस बदलली.

२०००मध्ये मी मार्केटात लागलो, त्याच जुलैत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. सुरतेत साडीच्या डिझाइनला मालिकेचं, सिनेमाचं नाव द्यायची रीतच आहे. २०२२मध्ये 'पुष्पा'चं चित्र छापलेल्या साड्यासुद्धा इथूनच निघाल्या. आमच्या सेठांनी एक सिरीज काढली, खोक्यावर नाव 'मिहीर-तुलसी'. आणि मालिकेत तुलसीचा नवरा मिहीर मेला. दुसऱ्या दिवशी सेठ गादीवर डोकं धरून : "मारो माल पड्यो छे ने एणे मारी नाख्यो!" देशभर लोक रडले, पत्रं गेली, आणि मिहीरला परत आणावं लागलं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण मधल्या काळात त्या खोक्यांवरचं नाव पट्टी लावून झाकण्याचं काम मी करत होतो, हे कुणाला माहीत नाही. तो परतल्यावर पट्ट्या नखाने खरवडून काढल्या, त्याही मीच. कथाकारांनी माणूस मारताना आणि उठवताना याचा जरा विचार करावा.

मराठी मालिका घरात आल्या त्या केबलवरून. आमच्या केबलवाल्याच्या यादीत मराठी वाहिनी सगळ्यांत शेवटी, आणि क्रिकेटचा सामना असला की हमखास मुंग्या. 'चार दिवस सासूचे' २००१पासून अकरा वर्षं चालली, तीन हजारांवर भाग. आईने त्यांतले निम्मे मुंग्यांतून पाहिले असतील. ऑगस्ट २००६मध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली, तेव्हा अडाजणला माझी बहीण तीन दिवस गच्चीवर अडकली होती. तिथे तिने गुजराती शेजारणींना ही मालिका तोंडी सांगितली. त्यातल्या एकीने नंतर मालिका पाहायला घेतली आणि आठवड्यात सोडली. म्हणे, तारा जेवी नथी. तुझ्यासारखी नाही.

इथे राहणाऱ्या मराठी माणसाच्या दोन कटकटी सांगायलाच हव्यात. पहिली जुनी : जानेवारी १६६४. महाराजांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर पडला, सुभेदार इनायतखान किल्ल्यात लपला, वीरजी व्होराचा वाडा रिकामा झाला, हे आमच्या पालिकेच्या मराठी शाळेत गुरुजी इतकं रंगवून सांगायचे की आम्हीच घोड्यावरून आलो असं वाटायचं. शाळा सुटून बाहेर आलो की पानवाला म्हणायचा, "तमे लूंटी गयला!" तेवढ्यात घोड्यावरून उतरावं लागे. एकच गोष्ट, उंबऱ्याच्या आत एक, बाहेर दुसरी. 'छावा' सिनेमा लागला तेव्हा पानवाल्याच्या नातवाने तोच विनोद केला. साडेतीनशे वर्षांचा विनोद, पण बाकीदार पिढी बदलली तरी वसुली चालू.

दुसरी २००८ची. 'तारक मेहता' मालिका सुरू झाली आणि मी त्यातला मराठी भिडे झालो. मूळ लेखन तारक मेहतांचं, 'चित्रलेखा'तलं, गुजराती घराघरांत १९७१पासून वाचलेलं. पण टीव्हीवर आल्यापासून सगळ्या मार्केटात मी भिडे मास्तर. किती वेळा सांगितलं, बाबांनो, भिडे रत्नागिरीचे, मी खान्देशचा. त्यांची लोणची, आमचा ठेचा. स्कूटरवर मी त्यांच्यासारखा जीव टाकत नाही. ऐकतो कोण? मालिकेतली दयाभाभी २०१७पासून आलेली नाही, चार हजारांवर भाग झाले, लोक अजून तिची वाट पाहतात, आणि मी अजून भिडे आहे.

मार्च २०२०मध्ये 'रामायण' पुन्हा लागलं. मार्केट बंद, रस्ते बंद. अण्णांना समोर बसवलं. मोठा पडदा, चित्र स्वच्छ, अँटेना नाही. मी पहिल्यांदाच ते सलग पाहत होतो. लक्ष्मणाला शक्ती लागली. हनुमान निघाला. मी तापीची वाट पाहत होतो. आईकडे पाहिलं, तर ती पदर डोळ्यांना लावून बसलेली. तापी न दाखवता हनुमान पोचला तरी ती काही बोलली नाही.

गेल्या हिवाळ्यात लिंबायतला एका लग्नाला गेलो होतो. डीजे असा की पत्रावळीतली बुंदी थरथरत होती. गावाकडची सगळी मंडळी आलेली. बांधावरचा तो सगळ्यांत धाकटा आता अडतिशीचा, पोट सुटलेलं, खताचं दुकान चालवतो. माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला. ऐकू आलं नाही. पुन्हा ओरडला : "तो आरसामाधला माणूस! मंग काय व्हयनं?"

मला आठवेना. तेव्हा काय ठरवलं होतं, ठरवलं तरी होतं का, काही आठवेना. डीजेवाल्याने आवाज आणखी चढवला. मी त्याच्या खांद्याला धरून मांडवाबाहेर नेलं, जनरेटरच्या पलीकडे, जिथे निदान शब्द कळतील, आणि म्हटलं, "आरसा फुटला ना एकदा..."