सागरचा तलाव आणि मोडीचे बाड

ग्वाल्हेरहून सागर काही फार दूर नाही. रात्रीच्या गाडीने निघावे, बीना जंक्शनवर उतरून कटनीच्या बाजूची गाडी पकडावी, की पंचाहत्तर किलोमीटरांवर सागर. तरीही माझ्या एका महाविद्यालयीन स्नेह्याचे "एकदा आमच्या गावी ये" हे निमंत्रण तीस वर्षे तसेच पडून होते. गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "वाड्याचा सौदा ठरत आला आहे. आईच्या ट्रंकेत मोडीचे एक बाड निघाले. तुला मोडी येते. विकण्यापूर्वी वाचून जा." दुसऱ्या शनिवारची सुट्टी पाहून मी निघालो.

वाडा चकराघाटाच्या वरच्या गल्लीत आहे. माडीची खिडकी उघडली आणि समोर सारा तलाव पसरला! घाटाच्या पायऱ्या, देवळांची शिखरे, बाजूच्या टेकडीवर किल्ला. गावात तलाव असतो तसे हे नव्हे. तलावाच्या काठाकाठाने गाव वसले आहे.

वाचकहो, हे गाव आपल्याला परके नाही. छत्रसालाकडून पहिल्या बाजीरावांना बुंदेलखंडाचा जो हिस्सा मिळाला, त्याचा कारभार पुढे गोविंद बल्लाळ खेर यांच्याकडे आला. तेच गोविंदपंत बुंदेले. त्यांनी सागरला आपले ठाणे केले. अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असताना, पानिपतच्या निर्णायक लढाईपूर्वी, डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले. शाळेच्या इतिहासात ते एका ओळीत येतात आणि जातात. १८१८ मध्ये सागर इंग्रजांकडे गेले, पण त्या राजवटीबरोबर आलेली घरे मागे राहिली. माझ्या स्नेह्याचे घर त्यांतलेच. रीतिकवी पद्माकरालाही सागरच्या मराठी दरबाराचा आश्रय होता, आणि पुढे त्याने आमच्या ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांसाठी 'आलीजाप्रकाश' रचला. हिंदीचे सहकारी तो तन्मयतेने शिकवतात. आमच्या मराठीच्या वर्गात त्याचे नावही निघत नाही. हा दोष आमचाच.

संध्याकाळी काकू खिडकीशी बसल्या होत्या. वय शहाऐंशी. बोलणे मराठी, हेल बुंदेली. लाखा बंजाऱ्याची कथा त्यांनी सांगितली. त्याने तलाव खणला, पण पाणी लागेना. तेव्हा दृष्टान्त झाला, की नवपरिणित जोडप्याला तलावाच्या मध्यभागी हिंडोळ्यावर बसवावे. लाख्याने आपला मुलगा आणि सून बसवली. पाणी उसळले, आणि दोघेही त्यात गेले. ही कथा सागरात लहान मुलालाही ठाऊक असते. काकू मात्र थोडे थांबून म्हणाल्या, "बाळ, सुनेला कुणी विचारलं असेल का रे?" मला उत्तर सुचले नाही.

काही वर्षांपूर्वी स्मार्ट सिटी योजनेत तलावाचे पाणी काढून गाळ उपसण्यात आला. गावाचे सांडपाणी वर्षानुवर्षे तलावात येत होते, काठ बुजत चालले होते. तेव्हा काम आवश्यकच होते. आता पाण्यावरून उंच रस्ताही गेला आहे, आणि संध्याकाळी तेथे फिरणाऱ्यांची गर्दी असते. स्नेह्याला हे सारे पसंत आहे. "पण तळ उघडा पडला ना," तो म्हणाला, "तेव्हा आईने कित्येक दिवस ही खिडकी उघडली नाही."

रात्री बाड सोडले. स्नेह्याच्या मनात एखादी सनद निघेल अशी आशा होती. पुण्याच्या भावाला निम्मा हिस्सा हवा आहे, आणि सनद निघाली असती तर वाडा राखण्याबद्दल त्याच्याशी बोलायला काही आधार मिळाला असता. मी ते जाणून होतो, म्हणून वाचताना आवाज जरा सावध ठेवला. निघाला तो घरखर्च! दिव्याचे तेल, गवंड्याची मजुरी, शिंगाडे, पुन्हा शिंगाडे. वर्षाचा आकडा कसरीने खाल्लेला. स्नेही हसला, पण ते हसू मला बघवले नाही. काकू म्हणाल्या, "शिंगाडे आमच्या लहानपणी याच तळ्यात होत. मग हे आमच्याच घरचं." आणि त्यांनी ते पान पुन्हा वाचायला लावले. दोनदा.

रविवारी किल्ल्याकडे फेरी झाली. तेथे आता पोलीस प्रशिक्षणाची संस्था आहे. बाहेरूनच पाहून परतलो. बाजारातून चारोळीची बर्फी घेतली. सागरला जाऊन ती न आणणाऱ्यास घरात क्षमा नसते.

निघताना स्नेह्याने सौद्याविषयी काही सांगितले नाही, मीही विचारले नाही. काकूंनी मात्र बाड जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून माझ्या पिशवीत घातले. "सावकाश वाच. वाचशील तसं फोनवर सांग, मी ऐकेन."

आजवर अकरा पाने झाली आहेत. रविवारी दुपारी मी फोन लावतो. काकू खिडकीशी असतात.