खडीची वाट आणि खचती भूमी

सायकल ही आपल्या शहरांतील मंडळींना कोणी समजावून सांगावी अशी वस्तू नव्हे. एके काळी पुण्याची ओळखच सायकलींचे शहर अशी होती. परंतु कचेरी गाठण्यासाठी मारलेली सायकल वेगळी, आणि मोटारींचा भोंगा कानी न पडता, ओल्या सपाट मुलखातून, शेतांच्या कडेने खडीच्या वाटेवर दिवसभर मारलेली सायकल वेगळी. या दुसऱ्या प्रकाराचा छंद युरोप-अमेरिकेत गेल्या पंधरा-वीस वर्षांत बराच वाढला आहे. तो कसा करावा हे सांगण्याचा आमचा हेतू नाही. अशी निर्वेध वाट मुळात येते कोठून, ती कोणी व कशासाठी घातली, आणि तिच्या खालची जमीन कशाच्या आधारावर उभी आहे, हे आम्हांला येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी इंग्लंडच्या पूर्व भागातील फेन्स हा प्रदेश उदाहरणादाखल घेऊ.

केंब्रिजच्या उत्तरेकडून वॉश नावाच्या समुद्राच्या आखातापर्यंत हा मुलूख पसरला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,९०० चौरस किलोमीटर असून त्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीइतका किंवा तिच्याही खाली आहे. पूर्वी येथे दलदल होती. लव्हाळे, बोरू, पाणपक्षी आणि वाम मासे हेच इथले उत्पन्न. ईली या गावाचे नावच वाम माशावरून पडले, असे आठव्या शतकातील इतिहासकार बीड याने लिहून ठेवले आहे. लोक उंचवट्यांवर राहत. पाणी ओसरले की गुरे खाली चरावयास उतरत आणि पाणी चढले की वर येत.

ही स्थिती सतराव्या शतकात पालटली. १६३० साली बेडफर्डच्या अर्लने काही भांडवलदारांना बरोबर घेऊन दलदल उपसण्याचा करार केला आणि पुढे हे काम कॉर्नेलियस व्हर्मायडन या डच स्थापत्यविशारदाच्या देखरेखीखाली चालले. त्याची कल्पना सरळ होती. नदी वळणे घेत रेंगाळते म्हणून पाणी तुंबते. तेव्हा वळणे टाळून तिला समुद्राकडे नीट वाट करून द्यावयाची. त्याप्रमाणे १६३७ साली सुमारे ३४ किलोमीटर लांबीचा एक सरळ पाट खोदला गेला, आणि १६५१ साली त्याला समांतर असा दुसरा. दोहोंमधला पट्टा महापुराचे पाणी सामावून घेण्यासाठी मोकळा ठेवला. तो आजही हिवाळ्यात पाण्याखाली जातो आणि उत्तरेकडून आलेल्या हंसांनी भरतो. उन्हाळ्यात तेथे गुरे चरतात.

आता आपली वाट कोठून आली ते ध्यानात येईल. पाट खोदला की निघालेली माती कडेला पडते. तिचाच बांध होतो. बांधाची पाहणी करणाऱ्यास त्यावरून चालावे लागते. शेत झाले की गुरे आणि गाड्या नेण्यास रस्ता हवा. तेथील लोक त्यास ‘ड्रोव्ह’ म्हणतात. आपण पाणंद म्हणू. ह्या पाणंदी शेतापाशी किंवा पाण्यापाशी जाऊन संपतात, कोणत्याही शहराला पोचवीत नाहीत. म्हणूनच मोटारी त्यांच्या वाटेला जात नाहीत. सायकलस्वाराला मिळालेली शांतता ही त्याच्यासाठी कोणी मुद्दाम केलेली सोय नव्हे. ती शेतीच्या व जलनिःसारणाच्या कामातून आपसूक उरलेली आहे. १९६८ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधील घोडेस्वारांच्या सार्वजनिक वाटांवर सायकलींनाही मुभा दिली, आणि अशा कित्येक वाटा सायकलस्वारांस खुल्या झाल्या. १९७७ साली ब्रिस्टल येथे सुरू झालेल्या आणि पुढे ‘सस्ट्रान्स’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या संस्थेने तुटक वाटा जोडून देशव्यापी सायकलमार्गांचे जाळे विणण्याचे काम हाती घेतले.

आता कोणी विचारील की, एवढे आहे तर सरळ डांबर का ओतीत नाहीत? याचे उत्तर जमिनीत आहे. फेन्सच्या दक्षिणेकडील बऱ्याच भागात जमीन म्हणजे पीट, अर्थात हजारो वर्षे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर. तो ओला झाला की फुगतो, वाळला की आकसतो. त्यावरचे डांबर लाटांसारखे वरखाली होते आणि त्यास भेगा पडतात. खडीचा थर मात्र जमिनीबरोबर हलतो. खड्डा पडला तर भर घालून बुजवता येतो आणि पावसाचे पाणी त्यातून मुरते. अर्थात खडी कोणती हे महत्त्वाचे. नदीतील गुळगुळीत गोटे चाकाखाली घरंगळतात. फोडलेल्या दगडाची टोकदार खडी बारीक चुऱ्यासह रोलरखाली दाबली की एकमेकींत अडकून घट्ट बसते. मधोमध किंचित उंची ठेवली की पाणी दोन्ही अंगांना निघून जाते. आपल्याकडील मुरुमाचे रस्ते करणारे मुकादम हे सारे जाणतात.

सायकलीतही तसाच फरक असतो. कडक, अरुंद टायर प्रत्येक खड्यावर माणसासकट उचलला जातो आणि त्यात श्रम वाया जातात. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली तर खडा टायरमध्ये दबतो आणि चाक पुढे सरकते. सपाट मुलखात चढ नसतो हे खरे. परंतु आडोसाही नसतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून समोरून वारा सुटला की वीस किलोमीटर म्हणजे एखादा घाट चढल्यासारखेच होते. फेन्समध्ये जाणता सायकलस्वार जाताना वाऱ्याच्या तोंडावर जातो, म्हणजे दमलेला परतताना पाठीवर वारा घेऊन येतो.

येथवर हा विषय सुखाचा वाटेल. परंतु बांधावरून जाताना एक गोष्ट नजरेस पडते आणि ती विचार करावयास लावते. नदी डोक्याच्या उंचीवरून वाहते आणि शेते खाली आहेत! याचे कारण असे की, पीटमधील पाणी काढले की तो आकसतो. पुढे हवा लागून त्यातील कार्बन जळाल्यासारखा हळूहळू नाहीसा होतो, आणि कोरड्या वसंतात वारा वरची माती उडवून नेतो. जमीन खचली म्हणून पाणी आपोआप वाहीनासे झाले; मग पवनचक्क्या आल्या, नंतर वाफेची एंजिने, पुढे डिझेल आणि वीज. प्रत्येक नव्या पंपाने जमीन अधिक कोरडी केली, म्हणजे ती अधिक खचली. होम फेन येथे १८५१ साली एक मोठे तळे उपसले, त्या सुमारास एक लोखंडी खांब जमिनीत पुरून त्याचे टोक जमिनीबरोबर ठेवले होते. आज तो खांब सुमारे चार मीटर उघडा आहे. खांब वर आलेला नाही. भूमी खाली गेली आहे.

हे पुष्कळ काळ चालू द्यावयाचे की पाणी परत आणावयाचे, हा तेथील आजचा वाद आहे. विकेन फेन हा दलदलीचा एक तुकडा नॅशनल ट्रस्टने १८९९ पासून राखला. आसपासची शेते खचल्यामुळे तो आता उंच बेटासारखा राहिला असून त्यातील पाणी टिकवावे लागते. पूर्वी शेतातले पाणी बाहेर काढणारी एक लाकडी पवनचक्की १९५६ साली तेथे हलविली, ती पाणी आत चढविण्यासाठी. १९९९ साली ट्रस्टने शंभर वर्षांची योजना जाहीर केली; तीत आसमंतातील ५३ चौरस किलोमीटर क्षेत्र हळूहळू पुन्हा ओले करावयाचे आहे. त्यातूनच जाणारी ‘लोड्स वे’ ही सुमारे चौदा किलोमीटरची सायकलवाट काही मोकळ्या वाटांनी, काही निवांत शेतरस्त्यांनी जाते. २०१० साली तिच्यासाठी रीच लोड या जुन्या कालव्यावर पूल बांधला. शेतकऱ्यांनी या योजनेस विरोध केला, आणि तो निव्वळ हट्ट नव्हे. काळ्या मातीत इंग्लंडचा पुष्कळ भाजीपाला पिकतो. तेथे पाणी सोडले तर तो दुसरीकडे पिकवावा लागेल. परंतु माती संपल्यावरही तो पिकणार नाही, हे ट्रस्टचे उत्तरही तितकेच खरे आहे.

कोकणातील खारबंदिस्ती किंवा गोव्यातील खाजणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा पेच परका वाटणार नाही. तेथेही बांध आणि उघाडी यांच्या जोरावर शेत उभे असते, आणि बांधाची निगा चुकली की खारे पाणी आत येते. पाण्यापासून मिळविलेली जमीन एकदा मिळाली म्हणून कायमची आपली होत नाही; तिची किंमत दरसाल मोजावी लागते. म्हणून त्या निवांत खडीच्या वाटेवर सायकल मारणाऱ्याने वारा, पक्षी आणि मोकळे आभाळ यांचा आनंद अवश्य घ्यावा. परंतु मधूनमधून उतरून एका अंगाचे पाणी आणि दुसऱ्या अंगाचे शेत यांच्या उंचीतला फरकही पाहावा. त्या प्रदेशाचा सारा इतिहास आणि त्याच्यापुढचा सारा प्रश्न त्या फरकात मोजलेला आहे.