मोटारीचा गंज : झाकणे आणि काढणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी "मोटारीचा गंज" असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्प बसले. ज्या व्यासपीठावर वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत सर्व काही होऊन गेले, तेथे गंजासारखा क्षुद्र विषय शोभेल काय, अशी शंका त्यांना आली असावी. परंतु खिडकीच्या गजापासून झोपाळ्याच्या कडीपर्यंत ज्याच्या घरी लोखंड आहे, त्याच्या घरी गंज आहेच. आणि ज्याच्या दारात जुनी मोटार उभी आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न केवळ शोभेचा नसून जिवाचा आहे. हे मला कसे कळले, ते प्रथम सांगतो.

आमच्या घरी वडिलांनी हौसेने घेतलेली १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. तिची बरीच वर्षे रत्नागिरीस गेली. एका उन्हाळ्यात दारांखालच्या भागावर रंगाचे फोड दिसू लागले, म्हणून ती एका गॅरेजात दिली. आठ दिवसांनी ती नव्या नवरीसारखी सजून परत आली आणि आम्ही खूष झालो. पुढल्या वर्षी घाटात चाक पंक्चर झाले. दाराखाली जॅक लावून मी दांडा फिरवू लागलो. चार फेरे झाले आणि करकर आवाज आला. पाहतो तो जॅक वर चढतो आहे आणि मोटार जागच्या जागी! रंगाचा मोठा पोपडा निखळून पडला. त्याच्या मागे बोटभर जाड लांबी होती, आणि लांबीच्या मागे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते. पत्रा असा नव्हताच. ज्या पेटीवर मोटारीचा भार, ती पेटी कागदाची झाली होती, आणि तीत बसून आम्ही मुलाबाळांसह वर्षभर घाट चढउतार करीत होतो.

लांबी म्हणजे पत्र्यावरचे बारीक खळगे बुजवण्यासाठी रंगारी जी खळ लावतात ती. खळग्यापुरती ती चांगली आहे. भोक बुजवण्यासाठी तिचा उपयोग करणे म्हणजे किडलेल्या दातावर पांढरा रंग फासणे होय. हे असे का, हे समजण्यासाठी गंजाची चाल थोडी पाहिली पाहिजे.

गंजाला दोन गोष्टी लागतात : पाणी आणि प्राणवायू. कोरड्या हवेत लोखंड वर्षानुवर्षे टिकते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली, की गंजाचा वेग झपाट्याने वाढतो. पावसाळ्यात आपली हवा महिनोन्‌महिने या मर्यादेच्या वरच असते. त्यात खारे वारे मिळाले म्हणजे विचारूच नका, कारण गंज चढणे ही मुळात विजेची क्रिया आहे. ओल्या लोखंडावर लहान लहान विद्युत्घट तयार होतात आणि मीठ मिसळलेल्या पाण्यातून वीज अधिक सहज वाहते.

या घटांची एक खोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लोखंडावर पाण्याचा एक थेंब ठेवला, तर थेंबाच्या काठाला प्राणवायू भरपूर मिळतो आणि मध्यभागी कमी. आपल्याला वाटेल, जेथे प्राणवायू अधिक तेथे लोखंड अधिक झिजेल. प्रत्यक्षात उलट घडते. काठ शाबूत राहतो आणि झीज मध्यभागी होते. याचा अर्थ असा, की चिखलाच्या थराखाली, रंगाच्या पोपड्याखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात, जेथे ओल आहे पण हवा पुरती पोचत नाही, तेथेच लोखंड सर्वांत जास्त खाल्ले जाते. शिवाय गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. त्यामुळे तो रंगाला आतून ढकलतो आणि बाहेर फोड येतो. म्हणजे बाहेरचा फोड हा आतल्या रोगाचा शेवटचा निरोप असतो. रुपयाएवढा फोड खरवडला, तर खाली बशीएवढा गंज निघावा, यात नवल नाही.

आता मोटारीकडे वळू. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडली. तिचा मूळ नमुना इटलीतील फियाट ११००. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली, तरी खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी अजून आढळतात. या मोटारीला ट्रकसारखी स्वतंत्र चौकट नाही. अ‍ॅम्बॅसडरचीही तीच गोष्ट. ट्रकचा सांगाडा वेगळा आणि वरची पेटी वेगळी असते. येथे तळ, दारांखालच्या पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर मिळूनच सांगाडा बनतो. दारांखालच्या त्या पेटीला आपण मोटारीचा उंबरा म्हणू. पद्मिनीची मागची चाके पोलादी पाट्यांवर असतात आणि ते पाटे ज्या ठिकाणी अडकवलेले असतात, ती ठिकाणेही याच पत्र्याची.

म्हणून दुरुस्तीआधी पहिला प्रश्न हा, की गंज कातडीत आहे की हाडांत? मडगार्ड, बॉनेट, दाराचा बाहेरचा पत्रा ही कातडी. ती सडली तर मोटार विद्रूप दिसेल, इतकेच. उंबरा, तळ आणि पाट्यांच्या जोडाच्या जागा ही हाडे. ती सडली तर मोटार मधोमध वाकू शकते, धक्का बसल्यास चुरगळू शकते किंवा पाटा सुटू शकतो.

तपासणी कोणालाही करता येते. गुळगुळीत पत्र्यावर लोहचुंबक फिरवावा. जेथे तो धरत नाही, तेथे खाली जाड लांबी आहे असे समजावे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. पायाखालचे गालिचे उचलून तळ पाहावा. मोटारीखाली शिरायचे असेल, तर केवळ जॅकवर विसंबू नये. भक्कम घोडे किंवा लाकडाचे ठोकळे दिल्याशिवाय खाली डोके घालू नये.

गंज नुसता वरवरचा असेल, तर उपाय सोपा आहे. पॉलिश पेपरने किंवा तारेच्या ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावे. बारीक खड्ड्यांतील उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्ल असलेला द्रव लावतात. तो गंजाचे लोखंडाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतो. काही द्रवांत टॅनिक आम्ल असते, त्याने गंज काळा पडतो. ही क्रिया आपल्याला अपरिचित नाही. हिरड्यात टॅनिन विपुल असते. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करीत, ती याच क्रियेने. मात्र हे द्रव भोक भरत नाहीत आणि सुटलेल्या खपल्यांवर लावले तर व्यर्थ जातात. घासलेला पत्रा कोरडा करून त्याच दिवशी त्यावर प्रायमर चढला पाहिजे. उघडे लोखंड रात्रभर ठेवले, की सकाळी गंज पुन्हा हजर.

पत्रा आरपार गेला असेल, तर एकच उपाय : कापणे. आणि कापताना कंजूषपणा करू नये. भोकाच्या कडेचा पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो. त्यावर वेल्डिंग धरत नाही, तो जळून भोक मोठे होते. म्हणून चारी बाजूंनी पूर्ण जाडीचा, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापत जावे. पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर बसवून पाहावा आणि त्याबरहुकूम तितक्याच जाडीच्या नव्या पत्र्याचे ठिगळ करावे. ते कडेला कड भिडवून बसवावे. जुन्या सडक्या पत्र्यावरच नवा पत्रा ठोकला, तर दोहोंच्या फटीत पाणी साठते, आणि थेंबाचा दृष्टांत आपण आताच पाहिला.

मोटारीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने तो पापडासारखा वाकडा होतो. म्हणून आधी दूरदूर टाके घालावेत, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. प्रत्येक टाका निवू द्यावा, आणि मग मधल्या जागा भरीत यावे. गॅरेजात ज्याला 'सीओटू' वेल्डिंग म्हणतात, त्याची आच थोड्या जागेत राहते. पातळ पत्र्याला ते गॅसपेक्षा सोयीचे. नंतर टाके घासून, सांध्यावर सीलर आणि वर प्रायमर द्यावा. त्यावर पातळशी लांबी अवश्य लावा, आता ती तिच्या जागी आहे. पोकळ पेटीच्या आत मेण किंवा तेलयुक्त द्रव फवारायला विसरू नये, कारण रोग आतूनच येतो.

उंबरा कापायचा असेल, तर आणखी सावधगिरी हवी. आधी मोटारीला खालून भक्कम टेकू द्यावेत आणि दारांच्या फटी मोजून ठेवाव्यात. दोन्ही बाजू एकदम कापू नयेत. हा नियम मोडला, तर काम झाल्यावर दारे लागत नाहीत, आणि मग मोटार सरळ करणे ब्रह्मदेवालाही कठीण. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी, गाद्या व गालिचे काढावेत आणि पेट्रोलची टाकी व नळी कोठून जाते ते पाहून धोका असेल तेथे टाकी उतरवावी. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून घासताना नाकातोंडावर मुखवटा आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

हे सारे आपण स्वतः करावे असे माझे म्हणणे नाही. मिस्त्री त्यासाठी आहेत आणि त्यांच्यात हाताला देवाने कसब दिलेले पुष्कळ आहेत. पण काम देताना एक वाक्य जरूर बोलावे : "रंग देण्यापूर्वी उघडा पत्रा मला दाखवा." चांगला मिस्त्री या वाक्याने रागावत नाही. उलट त्याची मेहनत पाहणारा कोणी भेटला, म्हणून तो खूष होतो. आमच्या पद्मिनीचे दोन्ही उंबरे पुढे अशाच एका मिस्त्रीने नवे केले. त्याने कापलेले तुकडे पोत्यात भरून मला दाखवले. खर्च पहिल्या रंगाच्या तिप्पट आला, परंतु जॅक आता पेटीत घुसत नाही. तथापि हाडांचा बहुतेक भाग सडला असेल, तर प्रामाणिक मिस्त्री नको म्हणेल. त्याचेही ऐकावे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी वाढते. ती तपासणी आपल्याच जिवासाठी आहे, हे ओळखून तिला सामोरे जावे.

सध्या वैशाख चालू आहे. हवा कोरडी आहे, मृग लागायला अजून अवकाश आहे. गंजाच्या कामाला वर्षात याहून चांगला काळ नाही. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके बुजली असतील, तर ती काडीने मोकळी करा. मडगार्डच्या आतला गतसालचा चिखल धुऊन काढा. समुद्रावर जाऊन आलात, तर गोड्या पाण्याने खालूनही मोटार धुवा. आणि ओली मोटार प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली कोंडून ठेवू नका.

उद्या सकाळी आपल्या मोटारीपाशी जाऊन उंबऱ्यावर चार जागी ठोकून पाहा. खणखणीत वाजला तर आनंद आहे. बद्द वाजला, तर रंगाऱ्याकडे जाण्याआधी पत्र्याच्या मिस्त्रीकडे जा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.