एप्रिलची जेईई सोडायची का?

फेब्रुवारी उजाडला की बारावी सायन्सच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो : ‘एप्रिलचा अटेम्प्ट देतोयस का?’ कोणी थम्स-अप टाकतं, कोणी ‘बोर्ड होऊ दे, मग बघू’ म्हणतं. पण थांबायला वेळ कुठे असतो? एप्रिलचा फॉर्म फेब्रुवारीतच भरायचा असतो, म्हणजे ऐन बोर्डाच्या धामधुमीत. २०२५ मध्ये तर जानेवारीच्या जेईई मेनचा निकाल आणि बारावीचा पहिला पेपर एकाच दिवशी, ११ फेब्रुवारीला आले. अशा वेळी डोकं शांत ठेवून निर्णय घ्यायचा म्हणजे कमालच.

समजा, तुम्ही कळंबला राहता. पीसीएम घेतलंय. जानेवारीची जेईई मेन दिलीत, पर्सेंटाइल जेमतेम आला. क्लासचे सर म्हणतात, ‘देऊन टाक, जातंय काय?’ बाबा म्हणतात, ‘सगळे देतायत, मग तू का नाही?’ आणि तुमच्या मनात मात्र चाललंय की हा पेपर सोडला तर सीईटीचा अभ्यास नीट होईल. बरोबर कोण? उत्तर तीन प्रश्नांत आहे.

पहिला प्रश्न : या परीक्षेने कोणतं दार उघडतं?

महाराष्ट्रातल्या मुलामुलींना व्हीजेटीआय, सीओईपी किंवा वसई-विरारजवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात जायचं असेल, तर मुख्य रस्ता एमएचटी-सीईटीचा. माटुंग्याच्या आयसीटीत ७० टक्के जागा सीईटीवर आणि ३० टक्के जेईई मेनवर भरतात. नागपूरच्या व्हीएनआयटीला मात्र सीईटी चालतच नाही. तिथे जेईई मेनच लागते, आणि निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांसाठी असतात. पुणे, नागपूरच्या ट्रिपलआयटींनाही जेईई मेनच. पवईच्या आयआयटीसाठी आधी मेनमधून वरच्या अडीच लाखांत यायचं आणि मग ॲडव्हान्स्ड द्यायची.

आता स्वतःला विचारा : यातल्या कोणत्या दारातून मी खरंच आत जाणार आहे? नागपूरला हॉस्टेलवर राहायची तयारी आहे का? घरून तेवढा खर्च झेपणार आहे का? जायचंच नसेल, तर त्या दाराची किल्ली मिळवायला एवढी धडपड कशाला?

दुसरा प्रश्न : पेपर वाईट गेला तर नुकसान काय?

इथे सरांचं म्हणणं खरं आहे. जेईई मेनच्या दोन सेशनपैकी जो स्कोअर चांगला, तोच धरला जातो. एप्रिलमध्ये कमी पडले म्हणून जानेवारीचे पुसले जात नाहीत. त्यामुळे ‘मार्क कमी झाले तर?’ या भीतीने पेपर सोडू नका. ती भीती बिनबुडाची आहे.

तिसरा प्रश्न : हे दिवस कुठून येणार?

खरा हिशेब इथे आहे. २०२५ मध्ये जेईई मेनचे इंजिनीअरिंगचे पेपर २ ते ८ एप्रिलला झाले आणि पीसीएमची सीईटी १९ एप्रिलला सुरू झाली. मधे जेमतेम दीड-दोन आठवडे. ‘अभ्यास तर एकच आहे’ असं म्हणतात, पण पेपर एकसारखे नाहीत. जेईईत तीन तासांत ७५ प्रश्न, चुकलं की एक मार्क वजा. सीईटीत तेवढ्याच वेळात १५० प्रश्न आणि निगेटिव्ह मार्किंग अजिबात नाही. एका परीक्षेत शंका आली की प्रश्न सोडायची सवय लागते, दुसऱ्या परीक्षेत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नसतो. शिवाय सीईटीत अकरावीचा भाग साधारण २० टक्केच, जेईईत मात्र दोन्ही वर्षं सारखीच महत्त्वाची. हात एका पेपरवरून दुसऱ्यावर बसायला दिवस लागतात.

त्यात कळंबकरांचा वेगळा हिशेब. सकाळची शिफ्ट नऊची, सेंटरवर त्याच्या बरंच आधी पोचायचं. आधी नालासोपारा स्टेशन गाठा, मग गर्दीच्या लोकलमध्ये घुसा, मग सेंटर शोधा. पेपर तीन तासांचा, पण आदल्या दिवसाची धाकधूक आणि दुसऱ्या दिवसाचा थकवा धरला तर तीन दिवस गेले. फी वेगळीच : २०२५ ला एका सेशनसाठी खुल्या गटातल्या मुलांना १००० आणि मुलींना ८०० रुपये होती.

अमेरिकेत शिकणाऱ्या भावंडांनाही असाच प्रश्न पडतो. तिथे शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा विषय घेता येतो. त्याची ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे ‘एपी’ परीक्षा मे महिन्यात होते. कॉलेजचे अर्ज मात्र बहुतेक जानेवारीपर्यंत जाऊन पडलेले असतात. म्हणजे शेवटच्या वर्षीच्या एपीचा स्कोअर प्रवेश ठरताना हातात नसतोच. तो उपयोगी पडतो पुढे कॉलेजात क्रेडिट मिळवायला. जिथे ॲडमिशन झाली तिथे त्या विषयाचं क्रेडिट मिळणार नसेल, तर तो पेपर सोडण्यात काही गैर नाही. परीक्षा वेगळी, विचार तोच : हा निकाल माझ्या कामाला येणार कधी आणि कुठे?

मग करायचं काय?

व्हीएनआयटी, ट्रिपलआयटी किंवा आयआयटी खरंच डोळ्यांसमोर असेल, जानेवारीत आजारी होतात, किंवा मॉक टेस्टचे मार्क वर चढत असतील, तर एप्रिल सोडू नका. ठरत नसेल आणि फी झेपत असेल, तर फॉर्म भरून ठेवा. फॉर्म भरणं आणि पेपर देणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. दुसरा निर्णय बोर्ड संपल्यावर दोन मॉक देऊन घ्या.

सीईटीच ध्येय असेल, तर एप्रिल बिनधास्त सोडा. पण वाचलेल्या दिवसांचं काय करणार, ते आधी कागदावर लिहा : कोणते धडे, किती मॉक, कोणत्या तारखेला. ते लिहिता येत नसेल, तर तुम्ही पेपर सोडत नाही आहात, अभ्यास सोडताय.

आणि बोर्डाला गृहीत धरू नका. एनआयटी-आयआयटीला बारावीत ७५ टक्के (एससी-एसटीला ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. ती अट हुकली, तर जेईईची रँक नुसती बघत बसायची.

२०२६-२७ च्या प्रवेशांपासून पीसीएम, पीसीबीची सीईटीही वर्षातून दोनदा घेण्याचं सरकारने जाहीर केलंय. म्हणजे ‘दुसरा अटेम्प्ट द्यायचा का?’ हा प्रश्न आता आणखी घरांत येणार. तेव्हाही हेच तीन प्रश्न विचारा.

ठरलं की आई-बाबांना समोर बसवून कारणासकट सांगा. ‘मला नाही द्यायची’ एवढंच म्हणालात तर वाद होईल. ‘या कॉलेजसाठी ही परीक्षा लागत नाही आणि त्या दिवसांत मी हे करणार आहे’ असं म्हणालात तर बोलणं होईल. मग ग्रुप म्यूट करा आणि कामाला लागा.