जनुक तेच, शेत वेगळं: गुलाबी बोंडअळीकडून शिकायचं इकॉलॉजिकल जेनेटिक्स

पीएचडीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "इकॉलॉजिकल जेनेटिक्समध्ये नेमकं करायचं काय? डीएनए काढायचा की शेतात फिरायचं?" दोन्ही. पण का, ते एका उदाहरणावरून पाहू. पुणतांब्याहून श्रीरामपूर, नेवासा करत शेवगावकडे गेलात की पुढे कपाशीचा पट्टा लागतो. आपलं उदाहरण त्या कपाशीच्या बोंडात आहे: गुलाबी बोंडअळी.

भारतात बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. तिच्यात क्राय1एसी हे विषारी प्रथिन बनवणारं जनुक होतं. 2006 मध्ये क्राय2एबी हे दुसरं जनुक असलेलं बियाणं आलं. तरीही आधी एका आणि मग दोन्ही प्रथिनांना न जुमानणाऱ्या अळ्या सापडल्या, आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात प्रचंड नुकसान झालं. "अळीत बदल झाला" एवढं म्हणून काम भागत नाही. बदल झालेलं ॲलील इतकं पसरलं कसं, हा आपला प्रश्न.

आता थोडं गणित. समजा, प्रतिकाराचं ॲलील R रिसेसिव्ह आहे आणि त्याची वारंवारता 0.001 आहे. हार्डी-वाइनबर्ग लावा. 10 लाख अळ्यांमध्ये RR फक्त 1, RS 1,998 आणि बाकी सगळ्या SS. बीटीचा डोस पुरेसा असेल तर RS सुद्धा मरतात. म्हणजे जवळपास सगळी R ॲलील मरणाऱ्या अळ्यांमध्येच अडकलेली असतात.

वाचलेल्या एका RR चं पुढे काय होतं, हे तिच्या जनुकावर ठरत नाही. तिला जोडीदार कोण मिळतो, यावर ठरतं. शेजारी साधी, नॉन-बीटी कपाशी असेल तर तिथून भरपूर SS पतंग येतात. RR आणि SS ची सगळी पिल्लं RS, आणि ती बीटीवर मरतात. शेजारी सगळीकडे बीटीच असेल तर RR ला RR च भेटतो, आणि पुढची पिढी सगळी RR.

म्हणूनच बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी बियाणं वेगळं यायचं. शेताभोवती त्याच्या पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते, लावायचं होतं. पण हातचं उत्पन्न अळीला कोण देणार? अनेकांनी ते लावलंच नाही. हिरव्या बोंडअळीला तूर आणि हरभऱ्यावरही जगता येतं, त्यामुळे तिच्यासाठी नैसर्गिक आश्रय होता. गुलाबी अळी मात्र मुख्यतः कपाशीवरच जगते. त्यात फरदड घेतली की तिला आणखी पिढ्या मिळतात.

आता सगळ्यात शिकण्यासारखा भाग. आपल्याकडची बीटी कपाशी बहुतांश संकरित. तिच्यात बीटी जनुकाची एकच प्रत असते. त्यामुळे एका जनुकापुरतं बोलायचं तर बोंडातल्या साधारण 25 टक्के सरक्यांमध्ये विष नसतं. गुलाबी अळी सरकी खाते, एकीतून दुसरीत जाते. तिला विषाचा अर्धवट डोस मिळतो आणि RS वाचण्याची शक्यता वाढते.

चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकराची दुसरी पिढी पेरली. तिथेही 25 टक्के, पण ती झाडं होती: चारातलं एक झाड बिनबीटी. ते आश्रयासारखं वागलं, आणि प्रतिकार कमी झाल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. मेंडेलचं गुणोत्तर तेच. फरक इतकाच की 25 टक्के एका अळीच्या पोटात मिसळतात, की वेगवेगळ्या झाडांवर वाटले जातात. हा फरक नुसतं सिक्वेन्सिंग करून दिसणार नाही.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये शेतकऱ्यांनी आश्रयाचं क्षेत्र नेमाने ठेवलं आणि तिथली अळी वर्षानुवर्षं बीटीला बळी पडत राहिली. पुढे तिथे वांझ पतंगही सोडले गेले, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या कपाशी पट्ट्यातून ही कीड संपल्याचं जाहीर झालं.

आता तुमच्या प्रपोजलकडे या. "आमच्या तालुक्यात R ची वारंवारता किती?" असा विषय घेतलात, तर पहिला प्रश्न येईल: नमुने कुठून? फक्त बीटीच्या बोंडांतून अळ्या गोळा केल्या, तर ज्या मेल्या त्या तुमच्या हिशेबातच नाहीत. उत्तर फुगलेलं येणार. कामगंध सापळे लावले तर निवड झालेल्या-न झालेल्या शेतांतले पतंग एकत्र मिळतील, पण फक्त नर, आणि ते कुठल्या शेतातून आले हे कळणार नाही. नॉन-बीटीवरच्या अळ्या सोबत घेतल्या तर तुलना करता येते. प्रत्येक पद्धत वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणून आधी प्रश्न, मग सापळा.

तयारी करताना कुठल्याही उदाहरणाला तीन प्रश्न विचारायची सवय लावा. कुठलं ॲलील? ते असणाऱ्याला कुठे फायदा, कुठे तोटा? आणि कोणाची जोडी कोणाशी जमते? पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळेल. उरलेल्या दोन्हींसाठी बांधावर जावं लागेल, आणि आश्रयाच्या ओळी का लावल्या नाहीत हे शेतकऱ्यालाच विचारावं लागेल.